तेजलचा जबाब

आमच्या लाइनवर तेजलला गप्प बसवायची ताकद दोनच गोष्टींत होती, एक सुपरवायझर आणि दुसरी दाढदुखी. सुपरवायझर मीच असल्यामुळे छातीठोकपणे सांगते, त्यातल्या त्यात दाढदुखीचाच थोडाफार भरवसा होता.

चाकणच्या एमआयडीसीत आमची कंपनी मोटारींच्या वायरींचे जुडगे बांधते. चाळीस बायका, वायरी मांडायच्या चाळीस फळ्या, आणि दर दीड मिनिटाला एक जुडगा पुढे सरकला पाहिजे. तेजलकडे वायरीच्या टोकाला क्लिप दाबून बसवायचं मशीन होतं. ते दिवसभर ठक्-ठकाठक् करायचं आणि ही त्या ठेक्यावर काहीतरी पुटपुटायची. आधी मला वाटलं, जप करते. म्हटलं, आजकालच्या पोरींत अशी मिळायची नाही. मग एकदा मागे उभं राहून ऐकलं, तर कॅन्टीनच्या पातळ डाळीवर चार ओळी चालल्या होत्या आणि त्या डाळीत आमचे मॅनेजर पोहायला उतरले होते. रागवायला तोंड उघडलं आणि हसूच आलं. सुपरवायझरला लाइनवर एकदा हसू आलं की तिची इज्जत संपली.

"हे काय असतं गं?" मी विचारलं.

"रॅप, साधनाताई. रॅप म्हणजे तालात केलेली कटकट."

तेजल चऱ्होलीची, अगदी मूळची. वडील ती शाळेत असताना गेले. आई कुशाबाई. त्यांनी रस्त्याकडेच्या तुकड्यावर आठ खोल्या बांधून भाड्याने दिल्या. त्यातल्या तीन नंबरच्या खोलीत आम्ही चौदा वर्षं राहतोय. आम्ही लातूरकडचे, आमचे मालक शाळेची व्हॅन चालवतात. म्हणजे घरी तेजल माझी घरमालकीण आणि कंपनीत मी तिची सुपरवायझर. दोन्हीकडे ऐकायचं मात्र तिचंच.

आमच्याकडे एक गंमत आहे. जमिनी इथल्या लोकांच्या, कंपन्या त्यांच्या जमिनींवर, आणि नोकरीला मात्र इथली माणसं नकोत. आधारकार्डावर जवळच्या गावाचा पत्ता दिसला की गेटवरचा माणूस गोड हसून अर्ज ठेवून घेतो. तो अर्ज मग कुणालाच दिसत नाही. कंपन्यांना भीती वाटते, की आज बहीण नोकरीला लागली तर उद्या तिचा भाऊ भंगाराचं कंत्राट मागायला येईल, आणि येताना पंधरा मोटरसायकली घेऊन येईल. तेजलला भाऊ नाही, तरी तीन कंपन्यांनी तिला परत पाठवलं. चौथीत, म्हणजे आमच्यात, ती कंत्राटी म्हणून कशीबशी चिकटली आणि सहा वर्षं चिकटून राहिली.

"मला नोकरी कंपनीनं नाकारली नाही, ताई," ती म्हणायची. "चौकातल्या फ्लेक्सवरच्या भाईनं नाकारली."

फ्लेक्सवरचा भाई म्हणजे दिग्विजय. वय अठ्ठावीस. घर आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून, घरी फक्त आई, कस्तुरा, आणि दोन म्हशी. पंधरा मोटरसायकलींवाला तो हाच. दर जुलैत त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो. गॉगल, गळ्यात साखळ्या आणि खाली पंचवीस शुभेच्छुकांचे पासपोर्टसारखे चेहरे. मला त्या फ्लेक्सचा भयंकर राग येतो. त्याच्यामागे आमच्या डॉक्टरीणबाईंची पाटी महिनाभर झाकलेली असते, आणि नवीन माणूस ताप घेऊन चौकात गोल गोल फिरतो.

यंदा जुलैत त्यांनी चौकात कोयत्यानं केक कापला. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून, अजून उजेड होता तरी, रस्त्याकडेला लावलेल्या गाड्यांच्या काचा फोडत गेले. अकरा गाड्या. सगळ्या गरिबांच्या, कारण बंगल्यांच्या गाड्या गेटाच्या आत असतात. त्यात आमची व्हॅन होती. पोलीस आले, घरोघरी विचारलं, आणि अकरा गाड्या फुटताना अख्ख्या रस्त्यात कुणी काहीच बघितलेलं नव्हतं. मी खिडकीतून सगळं बघितलं होतं. मीही नाही सांगितलं.

तेजलनं मात्र त्यावर गाणं लिहिलं. नाव कुणाचं घातलं नाही. पहिलं कडवं भाईच्या तोंडी, आणि ती ते अशा काही रुबाबात म्हणायची की चहाच्या सुट्टीत बायका बाकड्यावर हात आपटायच्या.

साइड दे, साइड दे, येतोय भाई,
नंबरप्लेटीवर नंबरच नाई!
हातात कोयता, डोळ्यात जाळ,
माझ्या नावानं थांबतो काळ!
केक कापतो कोयत्यानं, मेणबत्ती विझते भ्यानं,
फ्लेक्स माझा बघून सिग्नल चालतो मानानं!

दुसरं कडवं त्याच्या आईचं. काळ थांबवणाऱ्या भाईला मधेच आईचा फोन येतो, कारण तो कोयता तिचा असतो. म्हशीची वैरण तोडायचा. खरं गाणं तेच होतं. पहिलं कडवं नुसता फुगा, दुसऱ्यात टाचणी.

आता चूक सांगते. ती चूक आमच्याच पट्ट्यात होऊ शकते. तेजलनं ठरवलं, गाणं दोन भागांत टाकायचं. फुगा शुक्रवारी, टाचणी रविवारी. दोन दिवस लोकांना खरंच भाईचं गाणं वाटू दे, मग मजा. शुक्रवारी संध्याकाळी पहिला भाग मोबाइलवर गेला. शनिवारी कंपनीत मोठी ऑर्डर आली आणि शनिवार-रविवार सक्तीचा ओव्हरटाइम लागला. यादी मीच लावली आणि तिचं नाव मीच लिहिलं. रविवारी ती घरी आली तेव्हा तिच्या घशातून धड आवाज निघत नव्हता. टाचणी राहून गेली.

सोमवारपर्यंत तो फुगा गावोगाव गेला. दिग्विजयच्या पोरांनी चौकात कोयते फिरवून त्यावर रील केला. मग निगडीच्या कुणी केला, कासारवाडीच्या कुणी केला. शेकड्यांनी कोयते, आणि सगळ्यांच्या मागे आमच्या तेजलचा आवाज.

"अगं, दुसरा भाग टाक की आता," मी सोमवारी म्हटलं.

"टाकते, ताई. दोन दिवस चालू दे. एवढी माणसं मला पहिल्यांदा ऐकतायत."

तिला ते आवडत होतं. मी काय सांगू, मलाही आवडत होतं. ओळखीच्या मुलीचा आवाज अनोळखी माणसाच्या मोबाइलमधून आला की छाती फुगते, मग तो कोयत्यावर का असेना.

बुधवारी ठाण्यातून फोन आला. उद्या चारला हजर राहा. तेजलनं मशीनवर लागोपाठ तीन क्लिपा उलट्या दाबल्या. सहा वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं. कारण मला माहीत होतं. आमच्या कंपनीनं तिला कायम करायचं ठरवलं होतं. सगळे कागद गेले होते, राहिला होता एकच, पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. शनिवारी दुपारपर्यंत तो दिला नाही तर तिची जागा यादीतल्या पुढच्या बाईला. आणि तो दाखला ज्या ठाण्यातून यायचा, त्याच ठाण्यातून हा फोन होता.

गुरुवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर मी तिच्या स्कूटीवर मागे बसले. कुशाबाईंना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं.

ठाण्यात शिरलो तर बाकावर दिग्विजय बसलेला, आणि त्याची दोन माणसं. रीलसाठी त्यालाही बोलावलं होतं. आम्हाला बघून तो उठून उभा राहिला.

"बसा ना, ताई," तो तेजलला म्हणाला. "तुमच्या गाण्यानं वट वाढली आपली. एक नंबर आवाज आहे तुमचा. काही लागलं तर आपण आहे."

तेजल बसली नाही. तोवर मी पोलिसांनाच घाबरत होते, पण हा माणूस तर खूश होता. पोलिसांना गाणं चेष्टेचं आहे हे पटवलं नाही तर दाखला जाणार, आणि पटवलं तर ती चेष्टा कुणाची हे ह्याला कळणार. तो बाकावर, चार हातांवर.

पोलीस उपनिरीक्षक विजयश्री मॅडमनी आम्हाला टेबलासमोर बोलावलं. तिशीच्या असतील, डोळ्यांखाली जागरण. त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवून रील लावला. कोयते चमकले, तेजलचा आवाज आला, काळ थांबला.

"आवाज तुमचा?"

"हो, मॅडम."

"शब्द?"

"माझेच. पण मॅडम, हे अर्धंच आहे."

"अर्धा गुन्हा असा काही प्रकार नसतो." त्यांनी बाजूची फाइल ओढली. वर तेजलचा फोटो, तोच पडताळणीचा अर्ज. "दोन रस्ते आहेत. एक, हात जोडून माफीचा व्हिडिओ करायचा, तो आम्ही टाकू. त्या पोरांचाही टाकणार आहोत, त्यात तुम्ही. नाहीतर प्रतिबंधक कारवाई, आणि तसा शेरा ह्या अर्जावर."

कोयत्याच्या रीलची माफी आमच्याकडे सगळ्यांनी बघितलेली असते. भिंतीपुढे उभी केलेली पोरं, जोडलेले हात, "परत असं करणार नाही." लोक ते व्हिडिओ जेवताना बघतात. त्या रांगेत तेजल उभी राहिली तर आमचे एचआरचे साहेब दाखल्याची वाटही बघणार नाहीत.

तरी मीच तिचा दंड धरला. "माफी माग, बाई. मोकळी हो. कशाला वाढवायलीस?" असं मी म्हटलं. मला आजही त्याची लाज वाटते, म्हणून लिहून ठेवते.

"माफी मागितली तर मी खरंच कोयत्याचं गाणं लिहिलं असं होईल, ताई," ती हळू म्हणाली. मग मॅडमकडे वळली. "दुसरा भाग राहिलाय. त्याच्या आईचा. ओव्हरटाइम लागला म्हणून रेकॉर्ड नाही झाला."

"ओव्हरटाइम," मॅडम म्हणाल्या. असली कारणं त्या रोज ऐकत असणार. "म्हणून दाखवा."

"इथं?"

"इथंच."

"मॅडम, आत कुठे बसता आलं तर..." मी मधे पडले.

"आत कपाटं आहेत."

तेजलनं मान वळवून बाकाकडे बघितलं. दिग्विजय पुढे वाकून बसला होता, दुसरा भाग ऐकायला मिळणार म्हणून खुशीत. तिनं टेबलाच्या कडेवर दोन बोटांनी ठेका धरला, आमच्या मशीनचाच, आणि सुरुवात केली.

कुठं रं उलथलास, फोन का उचलत न्हाईस?
कोयता घेऊन गेलास, सांगून का जात न्हाईस?

तिचा आवाज कापत होता. लाइनवर ह्या ओळीला बायका लोळायच्या. इथे कुणाच्या तोंडावरची रेघ हलली नाही. विनोद भीत भीत सांगितला की तो तक्रारीसारखा ऐकू येतो. ती म्हणत राहिली, एकही शब्द न गाळता, शेवटपर्यंत. बाकाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं. "हे चेष्टेचं आहे असं तुमचं म्हणणं."

"हो, मॅडम."

"मला हसू आलं की नाही हे कायद्यात बसत नाही. हवालदार, ह्यांचा जबाब घ्या. गाण्यासकट."

हवालदार पन्नाशीचे, चष्मा नाकावर. संगणकासमोर बसले आणि दोन बोटांनी टाइप करायला लागले. एक एक ओळ विचारत होते. "वैरण कशानं तोडू... हां. पुढे?" तेजल सांगायची. "थांबा. कुणी थू केलं?" "म्हशीनं." "म्हशीनं," ते म्हणाले आणि गंभीरपणे टाइप केलं. पाऊण तास लागला. तेवढ्यात दोन माणसं हरवलेल्या मोबाइलची तक्रार घेऊन आली आणि तीही ऐकत उभी राहिली. दिग्विजय आता मागे टेकून बसला होता. त्याला कळत चाललं होतं. त्याचा पाय हलायचा थांबला होता, आणि तो तेजलकडे न बघता तिच्या सावलीकडे बघत होता.

मला वाटलं, संपलं. पण जबाब लिहून संपत नाही. तो देणाऱ्याला वाचून दाखवावा लागतो, तसा नियमच आहे. हवालदारांनी कागद छापून घेतला, घसा साफ केला आणि चोरीला गेलेल्या गॅस सिलेंडरचा पंचनामा वाचावा तशा सपाट, सरकारी आवाजात वाचायला सुरुवात केली.

"मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील ठिकाणी आईसह राहण्यास असून कंपनीत नोकरी करते. सदर गाण्यातील दुसरे कडवे खालीलप्रमाणे आहे.

म्हस उपाशी हंबरतीया, वैरण कशानं तोडू?
तुज्या फ्लेक्सचा घास करून तिच्या म्होरं सोडू?
केक कापलास? बरं केलंस, आता कोयता धू,
क्रीमच्या वासानं आज म्हशीनं केलं थू!"

मोबाइल हरवलेल्या माणसाच्या नाकातून एक आवाज निघाला. हवालदारांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि त्याच सुरात पुढे गेले.

"काचा फोडल्यास अकरा म्हनं, लई मोठा वीर,
न्हाणीत पाल निगाली तवा कुठं गेलता धीर?
आई आई करत तवा चढलातास माळ्यावर,
आता म्हनं गाव चालतं तुज्या एका डोळ्यावर!
दिवं लागायच्या आत ये, पिठलं हाय ताटात,
न्हाई आलास तर मीच येते, चप्पल हाय हातात!

येणेप्रमाणे माझा जबाब असून तो मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे."

"बरोबर व खरा" ऐकलं आणि ठाणं फुटलं. वायरलेसवरची शिपाईबाई टेबलावर डोकं टेकून हसत होती. मोबाइलवाले दोघे भिंतीला धरून होते. मॅडमनी तेजलचीच फाइल तोंडापुढे धरली, पण फाइल हलत होती. आणि बाकावर दिग्विजयचे दोघे, शुभेच्छुक म्हणून फ्लेक्सवर छापलेले, तेही हसत होते. त्यानं त्यांच्याकडे बघितलं तशी त्यांची तोंडं मिटली, एकाचे खांदे तेवढे थांबेनात. हवालदार एकटेच काही न झाल्यासारखे सहीसाठी पेन शोधत होते.

दिग्विजय उठला. "माझी आई असं नाही बोलत," तो मोठ्यानं म्हणाला.

गाण्यात नाव नव्हतं. त्यानं स्वतःच ते अंगावर घेतलं.

"मग कसं बोलते?" मॅडमनी फाइल खाली ठेवून विचारलं.

"बोलतच नाही. जुलैपासून."

हसणं बंद झालं. मला माझी खिडकी आठवली. तो परत बसला आणि हाताची नखं बघायला लागला, आणि तेवढा एक क्षण तो मला अठ्ठावीसचा वाटला नाही.

मॅडमनी तेजलची सही घेतली. "आज सहाच्या आत दुसरा भाग टाका. अर्धं गाणं फिरतंय तोवर तुमचा दाखला माझ्या टेबलावर राहील. पूर्ण दिसलं की उद्या सही."

बाहेर स्कूटीला किल्ली लावतोय तर दिग्विजय मागून आला. माणसं पायरीवर थांबली होती. ताई वगैरे आता नव्हतं.

"टाकायचं नाही ते."

"मॅडमनी सांगितलंय," तेजल म्हणाली.

"मॅडमची बदली होते. आपण एकाच गावात राहतो." तो एवढंच म्हणाला आणि पायरीकडे गेला. सव्वापाच झाले होते.

घरी येईपर्यंत मी तिच्या पाठीमागून एकच गोष्ट सांगत होते. नको टाकूस. दुसरी नोकरी बघू. मी एचआरला सांगते. गाडी चालवणारीचे खांदे एवढे ताठ मी कधी बघितले नव्हते.

दारात कुशाबाई. आमचे चेहरे बघून त्यांनी लेकीला सरळ विचारलं, "काय झालंय? खरं सांग." तेजलनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, दाखला, माफी, जबाब, पायरीवरचं बोलणं. मला वाटलं आता रडारड होणार. कुशाबाईंनी आत जाऊन जाड गोधडी आणली.

"ह्याच्यात बसून म्हंतीस न्हवं तू? आवाज घुमू न्हाई म्हणून?"

"आई, भीती वाटतीये मला."

"वाटनारच. मला बी वाटतीया. पर आता अर्ध्यात सोडलंस तर सगळीकडं त्याचंच राहील आन् तुजं काईच न्हाई. बस आत."

तेजल मोबाइल घेऊन गोधडीत शिरली. कुशाबाईंनी एक कोपरा धरला, दुसरा माझ्या हातात दिला. मी धरला. आतून आवाज आला, आणि तो कापत नव्हता. सहाला दहा कमी असताना गाणं गेलं, दोन्ही भाग एकत्र.

शुक्रवारी सही झाली. शनिवारी अकरा वाजता तेजलनं दाखला एचआरच्या टेबलावर ठेवला आणि कायम झाल्याचं पत्र घेतलं. लाइनवर पेढे वाटले गेले. पण आम्हा दोघींना ते गोड लागले नाहीत. दोन दिवस दिग्विजयच्या मोटरसायकली आमच्या दारावरून जात होत्या, एकदम सावकाश, न थांबता, न बोलता. आमच्या मालकांनी व्हॅन शाळेच्या आवारातच ठेवली. आणि गाणं तर वाऱ्यासारखं पसरलं होतं. गावोगावच्या बाया लाटणं, झाडू, खुरपं घेऊन आईचं कडवं म्हणत होत्या. दुकानात, बसमध्ये, दळणाच्या रांगेत एकच बोलणं, कस्तुरानं पोराला काय सुनावलंय. गाण्यात तिचं नाव नव्हतं हे आता कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

रविवारी सकाळी कस्तुरा आमच्या अंगणात आली. पन्नाशीची, शेणानं भरलेले पाय, डोक्यावर पदर. ती क्वचितच कुणाच्या दारात जायची. कुशाबाई ओट्यावर भांडी घासत होत्या, त्यांचे हात थांबले. तेजल उठून उभी राहिली.

"ये की, कस्तुरा," कुशाबाई म्हणाल्या.

ती आली नाही. तेजलकडे बघत उभी राहिली. "तूच का गं ती?"

"हो, काकी."

"माज्या नावानं बोललीस."

"तुमचं नाव नाही घातलं, काकी. मी मनानंच..."

"नाव कशाला लागतंय? गावात कोयता घेऊन फिरनारा माजाच हाय." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "सगळी बाजारात थांबवून सांगत्यात, कस्तुरा, बरं सुनावलंस. म्या काय सुनावलं? त्या दिशी काचा फुटल्याचा आवाज आला आन् म्या दार लावून घ्येतलं. त्यानं हाक मारली, तवा बी उघडलं न्हाई. पोटच्या पोराला भ्याले म्या. म्या त्याला एक सबूद बोलले न्हाई, आन् तू माज्या तोंडी येवढं सगळं घातलंस."

तेजलला चौदा वर्षांत कुणी निरुत्तर केलेलं मी बघितलं नव्हतं. मग तिनं पुढे होऊन खुर्ची ओढली. कस्तुरा बसली नाही, ओट्याच्या कडेला टेकली, कुशाबाईंच्या शेजारी.

"चुकलं माझं, काकी," तेजल म्हणाली. डोळे भरले होते तिचे. "काढून टाकते मी."

"काढू नगंस." कस्तुरानं पदरानं तोंड पुसलं. "त्यो दुपारी जेवायला येतोय. लाव ते, परत परत लाव. म्या पाठ करून जाते."